दोन ओठांची फुंक

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत पानं उडवायची यंत्रं सुरू होतात. पाठीला इंजिन बांधलेली माणसं सकाळी आठपासून हातातल्या जाड नळीने अंगणातली पानं फुंकत रस्त्याच्या कडेला नेतात, आणि दुपारच्या वाऱ्याने त्यातली निम्मी परत अंगणात येतात. चार वर्षांपूर्वी बाबा नागपूरहून इथे अमेरिकेत, एडिसनला आले होते, तेव्हा पहिल्याच सकाळी स्वेटर घालून दारात उभे राहून ते हा प्रकार बराच वेळ पाहत होते. आत आले आणि म्हणाले, "फुंकायलेबी मशीन ठेवली का ह्या लोकायनं?"

मी हसले होते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं फुंकून घर चालवलं तो हे बोलतोय, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मला क्लिनिकला उशीर होत होता.

आता पुन्हा तो आवाज सुरू झालाय. मेपल लाल झालेत. दुकानांच्या दारात भोपळे येऊन बसलेत आणि ओक ट्री रोडवर फराळाच्या ऑर्डरींच्या पाट्या लागल्यात. इथल्या लोकांना हा सगळ्यात देखणा ऋतू वाटतो. गाड्या काढून मंडळी डोंगरात पानं बघायला जातात, फोटो पाठवतात. मला तो नकोसा झालाय. हवेत तो कोरडा, किंचित कुजका वास आला की मी खिडक्या लावून घेते, आणि कारण अ‍ॅलर्जीचं नाही हे मला ठाऊक आहे.

त्यात परवा विल्फ आला होता, कवळी दाखवायला. खुर्चीत मागे रेलायच्या आधी त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "मग डॉक्टर, या रविवारी?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "नक्की बघते." चार वर्षं आम्ही दोघं हे बोलतो आहोत. मी एकदा गेले होते तेवढंच, आणि तो विचारायचं सोडत नाही.

विल्फ पंच्याऐंशीचा आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका कापडगिरण्यांच्या गावात वाढला. गिरणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला, मग लंडनच्या नाचघरांतून जॅझ वाजवू लागला, मग बोटीवर. बोटीवरच्या बँडबरोबर न्यूयॉर्कला येता-जाता एका अमेरिकन नर्सच्या प्रेमात पडला आणि इथेच राहिला. ती नर्स आता नाही. त्याच बोटीवरचा ड्रमवाला क्लाइव्ह मात्र आहे. तो विल्फहून सहा वर्षांनी लहान, त्याचा उजवा खांदा वर जात नाही. हे दोघे आणि मिळेल तो पियानोवाला, दर रविवारी दुपारी बारा ते तीन स्टेशनजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये वाजवतात. लोक म्हणतात, विल्फ अजून वाजवतो. त्या 'अजून' शब्दावर तो भयंकर चिडतो.

चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तो पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे वरचे समोरचे चार दात हलत होते. हिरड्या खाली गेलेल्या, हाड झिजलेलं. कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं, काढा. मीही सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग समजावून सांगितलं, जणू पेशंट मीच होते. क्लॅरिनेटच्या तोंडावर वरचे दात टेकवायचे असतात. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, त्यावर वेताची पट्टी, आणि वरून दातांचा भार. सगळा सूर त्या पकडीवर. दात गेले की पकड गेली, आणि पकड गेली की रविवार गेला. "आणि रविवार गेला तर बाकीचे सहा दिवस मी काय करू?" असं त्याने विचारलं. मी त्याचे दात मागून तंतूच्या पट्टीने एकमेकांना बांधून दिले आणि सांगितलं की हे नाताळपर्यंत टिकलं तर नशीब.

बाबांच्या दातांबद्दल मला कधी कोणी असं सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही. आणि ते क्लॅरिनेटच वाजवायचे.

नागपूरला गिरणीत होते ते, आणि लग्नसराईत बँडमध्ये. गिरणी बंद पडल्यावर फक्त बँडमध्ये. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, डोक्यावर तुरेवाली टोपी, आणि पायात आमच्याकडे होत्या त्या चपला. नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत वाजवायचं, मंडपाच्या दारात वाजवायचं, आणि मग सगळ्यांची पंगत उठेपर्यंत मंडपामागे, भांडी घासतात तिथे, जमिनीवर बसून राहायचं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत मात्र बाबा आपले वाटायचे. त्या दिवशी पांढरा सदरा घालून, वस्तीतल्या सगळ्यांच्या पुढे चालत वाजवायचे आणि मी त्यांच्या बाजूने पळायचे. पण मिरवणूक वर्षातून एकदा. लग्नं शेकडो.

मी चौथीत असताना शाळेतल्या एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गेले होते. चांगल्या घरची मैत्रीण, सिव्हिल लाइन्समधली. वरात आली, आम्ही मुली पुढे धावलो, आणि समोर बाबा. गाल फुगलेले, घामाने टोपीची कड भिजलेली. त्यांनी मला पाहिलं. मी मैत्रिणीच्या मागे सरकले. आणि मग बाबांनी जे केलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, मिलिंदलाही नाही, इतकी वर्षं लग्नाला होऊन. बाबांनी वाजवता वाजवता पाठ फिरवली. बँड सगळा माझ्याकडे तोंड करून आणि एकटे माझे बाबा नवरदेवाकडे तोंड करून, अख्खं गाणं. लोकांना वाटलं असेल, आज हा भलताच रंगात आलाय. त्यांनी मला लपायला जागा करून दिली होती.

त्या फुंकण्यावर मी डेंटिस्ट झाले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून बाबा माझी उजळणी घ्यायचे. इंग्रजी शब्द त्यांना वाचता येत नसत, पण पुस्तक हातात धरून मी पाठ म्हणते का हे बोट फिरवून बघायचे. मग मिलिंदचं स्थळ आलं. आमच्यातलंच, बौद्धच, पण वडील मोठे सरकारी अधिकारी, बंगला, घरात पुस्तकांची कपाटं. जात आडवी येणार नव्हती. आडवा येणार होता तो लाल कोट. मी बाबांना म्हटलं, बाबा, आता बास करा, शोभत नाही. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लॅरिनेट बँडमधल्या वामनकाकांना देऊन टाकलं. माझ्या लग्नात डीजे होता. बाबा सफारी घालून दारात उभे होते, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

माझ्या लग्नानंतर वीसेक वर्षांनी, आई गेल्यावर, मी त्यांना इथे बोलावलं. सहा महिन्यांसाठी.

दसऱ्याच्या सुमारास इथली आपली मंडळी एक हॉल भाड्याने घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिन करतात. वंदना होते, एखादं भाषण होतं, मग घरोघरून आणलेलं जेवण. सगळी शिकलेली माणसं, कुणी बँकेत, कुणी डेटा सेंटरमध्ये, कुणी पोस्टडॉक करतंय. त्या वर्षी एका तरुण मुलाने बाबांना आदराने विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात तिकडे?" बाबांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, मी पाहिलं. मी मध्येच म्हणाले, "मिलमध्ये सुपरवायझर होते." तो मुलगा "अरे वा" म्हणाला. बाबा सुपरवायझर कधीच नव्हते. त्यांनी पापडाचा तुकडा मोडला आणि मान डोलावली. आणि हे मी कुणासमोर केलं? ज्यांच्यातल्या निम्म्यांच्या बापांनी कोळसा उचलला असेल, विड्या वळल्या असतील, आणि जे ते माइकवर अभिमानाने सांगतात, त्यांच्यासमोर. त्या हॉलमध्ये खोटं बोलायची गरज एकट्या मला वाटली. शिकून मी पहिली गोष्ट कोणती शिकले, तर घरच्यांना झाकायला.

त्यानंतरच्या शनिवारी बाबा माझ्याबरोबर क्लिनिकला आले. घरात एकटे बसून कंटाळायचे. विल्फची अपॉइंटमेंट होती आणि तो त्याची ती लांबट काळी पेटी मांडीवर घेऊन बाहेर बसला होता. मी बाहेर येऊन बघते तर बाबा त्याच्या शेजारी, पेटीकडे पाहत.

"विचार ना त्याले, लाकडाचा हाय का?" बाबा म्हणाले.

मी विचारलं. विल्फने पेटी उघडली. बाबांनी हात पुढे केला नाही, नुसते वाकून पाहत राहिले, दुसऱ्याच्या घरचं तान्हं बाळ पाहावं तसे. विल्फने त्यांचा चेहरा पाहिला आणि मला विचारलं, "हे वाजवतात?" मी म्हटलं, पूर्वी थोडंफार. विल्फने स्वतःच्या हलत्या दातांवर बोट ठेवलं आणि मान नकारार्थी हलवली. दातावर भार दिला की कळ जाते, सूर फाटतो, असं तो मला सांगत होता, पण बघत बाबांकडे होता.

बाबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी उजव्या हाताचं बोट क्लॅरिनेटसारखं तोंडात धरलं, खालचा ओठ आत घेतला, आणि मग वरचा ओठही आत घेऊन वरच्या दातांवर दुमडला. दोन्ही ओठांच्या मध्ये बोट. दात कुठेच नाही. "असं कर म्हणा त्याले," ते म्हणाले. "चालता चालता वाजवलं आन् खड्ड्यात पाय गेला, तर दातावर आपटते ना. आमी सगळे असंच वाजवत होतो. दोनी ओठ आत. ओठ दुखते आठ दिवस, मंग सवय होते."

मी हे इंग्रजीत सांगितलं. विल्फ म्हणाला की त्याच्या लहानपणी त्यांच्या गावात एक म्हातारा असाच वाजवायचा, आणि ही सगळी पोरं त्याला हसायची. त्याने तोंडाचा तुकडा पेटीतून काढला, दोन्ही ओठ दुमडले आणि फुंकला. बदकासारखा आवाज आला. रिसेप्शनिस्टने वर पाहिलं. बाबांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावून ती खाली ओढून दाखवली, म्हणजे हनुवटी सैल नको. विल्फने पुन्हा फुंकलं. पाचव्या-सहाव्या खेपेला एक लांब, भरीव सूर निघाला आणि बाबांनी डोळे मिटले. दहा मिनिटं माझं क्लिनिक थांबलं होतं. आत पेशंट वाट पाहत होता आणि मी घड्याळाकडे पाहत होते.

जाताना विल्फने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाला, "रविवारी यांना घेऊन याच."

तो रविवार मला तासातासाने आठवतो. स्वच्छ ऊन, रेस्टॉरंटच्या काचांवर पानांच्या सावल्या. मिलिंद, मी, बाबा. आत गेलो तर आमचे ओळखीचे एक काका-काकू भेटले, दोघंही निवृत्त डॉक्टर, इथे खूप आधी आलेले, पुण्याचे. त्यांनी कितीतरी माणसं माझ्याकडे पाठवलीत. "अगं सुजाता, या की, आमच्याच टेबलावर बसा," म्हणाले. बसलो.

मालकीणबाईंनी माइक हातात घेऊन सांगितलं की आज आपल्यासमोर एक खरेखुरे लेजंड आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि परत ऑम्लेटकडे वळले. विल्फ आणि क्लाइव्ह वाजवायला लागले. चांगलं वाजवत होते का? मला जॅझ कळत नाही. पण विल्फ दोन ओठांनी वाजवत होता हे मला कळलं, कारण बाबा स्वतःचे ओठ आत दुमडून बसले होते, हातात काट्यावर टोचलेला बटाटा तसाच. समोरच्या टेबलावर एका मुलीचा वाढदिवस होता. तिथली माणसं मोठमोठ्याने बोलत होती, फोटो काढत होती, आणि गाणं संपलं की न वळता टाळ्या वाजवत होती. विल्फने मला नंतर एकदा सांगितलं होतं, "मी मेलो नाही म्हणून ते टाळ्या वाजवतात. माझा सूर चौथ्या टेबलापलीकडे कुणाला ऐकू येत नाही." तेही खरंच. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. नुसतं म्हातारं होऊन वाजवत राहिलं तर या देशात गोऱ्या माणसाला लेजंड म्हणतात. माझ्या बापाला म्हातारपणी कुणी काय म्हटलं असतं? बँडवाला म्हातारा. राग मला अगदी रीतसर आला होता. फक्त बापाला थांबवणारी मी होते, हे त्या रागात मी सोयीस्कर विसरले होते.

पहिला भाग संपला. विल्फ घाम पुसत सरळ आमच्या टेबलाशी आला, क्लॅरिनेट हातात घेऊन. काका-काकूंना नमस्कारासारखी मान लववली आणि मला म्हणाला, "तुमच्या वडिलांना विचारा. एकच गाणं. काय वाजवतील ते. आम्ही मागून येऊ."

बाबांना समजलं. त्यांनी काटा खाली ठेवला. दोन्ही तळवे मांडीवर, पँटवर पुसले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"अगबाई," काकू म्हणाल्या, "वडील वाजवतात का तुझे? कुठे शिकले?"

प्रश्नात काहीच वाईट नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, कौतुकही असेल. पण मला त्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. लाल कोट दिसला, मंडपामागची भांडी दिसली. उद्यापासून काकू जिथे जातील तिथे सांगतील, तेही कौतुकानेच, की सुजाताचे वडील ना, लग्नाच्या बँडमध्ये होते.

मी म्हटलं, "छे हो, हौस म्हणून कधीतरी. आता त्यांना दम लागतो. डॉक्टरांनी स्ट्रिक्टली नको सांगितलंय." आणि विल्फला इंग्रजीत म्हटलं की माफ करा, त्यांची तब्येत बरी नाही.

कुठल्याही डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. बाबा अर्धवट उठलेले होते. क्षणभर ते तसेच राहिले, टेबलाची कड धरून. मग बसले. काकूंकडे पाहून मराठीत, अगदी शुद्ध मराठीत, ते म्हणाले, "हो, छातीचं आहे जरा."

माझं खोटं त्यांनी लगेच स्वतःच्या अंगावर घेतलं. काकांनी मग कार्डिओलॉजिस्टचं नाव सुचवलं. मिलिंद माझ्याकडे पाहत होता, मी पाण्याचा ग्लास उचलला. विल्फ काही वेळ क्लॅरिनेट तसंच पुढे धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की त्याला कळलंय. मग तो परत गेला आणि वाजवायला लागला.

गाडीत बाबा म्हणाले, ढोलवाला जरा मागं मागं राहत होता. मिलिंद म्हणाला, हो ना, त्याचा खांदा दुखतो म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं पेटल्यासारखी लाल होती आणि बाबा खिडकीतून ती पाहत होते. त्या आठवड्यात मी त्यांना चारदा विचारलं, बाबा, काही हवंय का. प्रत्येक वेळी, काही नाही बेटा. माफी मागायची होती तर सरळ मागायची. मी त्यांना नवं जॅकेट आणून दिलं.

नोव्हेंबरच्या शेवटी, सहा महिने व्हायच्या आधीच, ते परत गेले. थंडी सोसत नाही म्हणाले.

विल्फचे दात नाताळपर्यंत टिकले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी ते काढले, कवळी बसवली. आणि पुढच्या महिन्यात तो रविवारी परत उभा राहिला, बाबांची फुंक घेऊन. दोन्ही ओठ आत. "तुमच्या वडिलांमुळे," असं तो दर भेटीत म्हणतो, आणि मी त्याच्या तोंडात आरसा घालते म्हणजे त्याला पुढे बोलता येऊ नये. पूर्वीइतकं बरं वाजत नाही, हेही तो सांगतो. सूर पातळ झालाय, वरचे स्वर निसटतात. "वाईट वाजवतो मी आता," परवा तो म्हणाला, "पण मला थांबवणारं कोणी उरलेलं नाही." हे त्याने एकटेपणाने म्हटलं होतं. मला ते भाग्य वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

बाबा त्यानंतरच्या मे महिन्यात गेले. झोपेत. छातीचंच निघालं. माझ्या तोंडून गेलेलं खोटं सात महिन्यांत खरं झालं.

मी पोचले तोवर सगळं झालं होतं. नागपूरला असलेल्या माझ्या भावाने उन्हामुळे अंत्यविधी थांबवून ठेवला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. चौथ्या दिवशी मी एकटीच वामनकाकांच्या दुकानात गेले. एका अरुंद खोलीत भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं, खुंटीवर लाल कोट, खाली एक लाकडी बाक. वामनकाका ट्रम्पेट वाजवायचे बाबांच्या शेजारी. आता बँड तेच चालवतात. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. चहा सांगितला. बाकावरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्याने पुसली.

"परत आल्यापासून रोज इथंच बसत होता," ते म्हणाले. "फुंकत नव्हता. पोरायले सांगे, असं धर, तसं धर. आन् तुमच्या तिकडचं सांगे. बाई, तुमी लय मोठं काम केलं."

मला कळेना ते कशाबद्दल बोलताहेत.

"अमेरिकेत वाजवलं ना त्यानं," वामनकाका म्हणाले. "आमाले सगळं सांगितलं. मोठं हॉटेल, गोरे लोक, इंग्रज क्लॅरिनेटवाला त्याच्या टेबलापाशी आला आन् आपलं वाद्य त्याच्या हातात देल्लं. आन् तुमी म्हणाले, वाजवा बाबा. डॉक्टर लोक बसले होते तुमच्या ओळखीचे, त्यायच्यासमोर तुमी सांगितलं, हे माहे बाबा होत, लग्नाच्या बँडात होते. लोक उभे राहिले म्हणे टाळ्या वाजवाले. दहा डाव सांगितलं असंन त्यानं. आखरीले आमी म्हणो, आता बास कर."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. चहा आला. मी कप हातात धरला, तो इतका गरम होता की बोटं भाजली, पण मी तो खाली ठेवला नाही.

"हो," मी म्हटलं.

"फक्त एक गोष्ट सांगितली नाही त्यानं," वामनकाका म्हणाले. "वाजवलं काय होतं? कितीक डाव विचारलं. हासे, आन् म्हणे, ते सुजाताले विचार. ती सांगंन."

माझ्या डोक्यात बाबांचं एकही गाणं येईना. लहानपणी ते पहाटे चाळीच्या गच्चीवर रियाज करायचे आणि मी कानावर उशी घ्यायचे. शेवटी एका जुन्या सिनेमातलं, सगळ्यांना माहीत असलेलं एक गाणं आठवलं, लग्नात वाजतंच असं, आणि मी त्याचं नाव सांगितलं.

वामनकाकांनी नजर खाली घेतली, तो गरम कप माझ्या हातातून काढून घेतला आणि हळू आवाजात, मला लागू नये अशा बेताने म्हणाले, "ते आमी वाजवत होतो बाई. त्या गाण्याले तो बाजूले उभा राहे. त्याले ते कधीच येत नव्हतं."